मधली थाप

आबा, तुमची आठवण आली की आधी चेहरा दिसत नाही, साखर कारखान्याची गव्हाण ऐकू येते. ट्रकमधून, बैलगाड्यांतून उतरलेला ऊस लोखंडी साखळीवर पडायचा आणि खडखडत चरकाकडे जायचा. तुमची नोकरी त्या साखळीपाशी. हंगाम सुरू झाला की शाळा सुटल्यावर मी पणदऱ्याहून सायकलवर तुमचा डबा घेऊन यायचे. नववीत असेन तेव्हाची गोष्ट. तिथे इतका आवाज असायचा की माणसं खुणांनीच बोलायची. तुम्ही भाकरी मोडता मोडता एकदम थांबलात, मान तिरकी केलीत आणि पलीकडच्या फिटरला ओरडून म्हणालात, "साखळी लंगडती हाय रं! बघ, एक पाय आखडलाय तिचा." फिटर हसला. मग कंटाळून बघायला गेला, आणि खरंच एक पट्टी सैल झालेली निघाली. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, "आबा, एवढ्या गोंगाटात तुम्हाला कसं कळलं?" तुम्ही पाय धुता धुता म्हणालात, "आगं, येवढी मानसं नाचत्यात, त्यात एकाचा पाय चुकला तरी ढोलवाल्याला कळतंच की. त्यात काय."

तुमच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. तुम्ही ती विकून दीड एकर ऊस लावलात, कारखान्यात चिकटलात, पण ढोल काही विकला नाहीत. जत्रेत गजी नाचायला तुमचा संघ निघाला की तुम्ही वेगळेच माणूस व्हायचात. पांढरी धोतरं, हातात रंगीत रुमाल, गोल करून नाचणारी वीसपंचवीस माणसं आणि मध्ये गळ्यात ढोल अडकवून तुम्ही, एका बाजूला काठी, एका बाजूला हात. घरात चार शब्द बोलणारा माणूस तिथे तासन्‌तास बोलत असायचा असं मला वाटायचं. मी मुलगी, त्यामुळे ढोलाला हात लावायचा प्रश्न नव्हता. तुम्ही कधी "लावू नगं" म्हणाला नाहीत. "लाव" असंही म्हणाला नाहीत.

बारावीनंतर तुम्ही मला पुण्याला पाठवलंत. भावकीत कुणी लग्नाचं काढलं की तुमचं एकच उत्तर, "पोरगी मास्तरीन हुनार हाय. मग बघू." नव्वद सालानंतरचा तो काळ, आमच्या वस्तीवरून मुलगी पुण्याच्या वसतिगृहात राहायला जाणं ही साधी गोष्ट नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा मला ते माझ्या मार्कांमुळे मिळालंय असंच वाटत होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना कॅम्पातल्या एका चर्चवरून जाताना मी तो आवाज ऐकला. घरातल्या मोठ्या माणसानं हळू आवाजात काहीतरी समजावून सांगावं तसा. मी दारात उभी राहिले. आत गोव्याकडचे एक म्हातारे सर दोन गुडघ्यांमध्ये माणसाएवढी सारंगी धरून बसले होते. ती सारंगी नव्हे, चेलो, हे त्यांनीच सांगितलं. मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना वाजवून वाजवून त्यांची बोटं वाकडी झाली होती. "शिकायचंय?" त्यांनी विचारलं. मी होय म्हणाले, आणि पुढची दीड वर्षं मी कॉलेजात कमी आणि चर्चच्या त्या हॉलमध्ये जास्त होते. त्यांचा जुना चेलो त्यांनी मला वापरायला दिला. वसतिगृहाच्या खोलीत तो माझ्या कॉटशेजारी उभा असायचा. घरी मी यातलं काहीच कळवलं नव्हतं.

तुम्ही न सांगता आलात, तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. शेंगांचं पोतं खांद्यावर, टोपी हातात. परीक्षा चालू असतील, पोरीला काहीतरी खायला द्यावं म्हणून आलेले. खाली रेक्टरबाईंनी तुम्हाला सांगितलं की मी परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही. मला बोलावणं आलं तेव्हा तुम्ही बाकावर बसला होतात. तुम्ही म्हणालात, "काय करतीस मग हितं?" मी वर जाऊन ते काळं खोकं घेऊन आले. तुम्ही खोक्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि विचारलंत, "आत कोन झोपलंय?"

एरवी मी हसले असते. मी चेलो काढून दाखवला. तुम्ही पाठीवर बोटानं दोनदा ठोकून बघितलंत, कान लावलात. लाकडाचं कौतुक तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर आलं, आणि मग गेलं. "इचारलं असतंस तर मी न्हाय म्हनलो असतो," तुम्ही म्हणालात. "पन इचारायचं तरी, पोरी." एवढंच. आवाज चढवला नाहीत. पोतं बाकाजवळ ठेवलंत आणि स्टँडकडे चालू लागलात. मी फाटकापर्यंत मागे आले, तुम्ही वळून बघितलं नाहीत. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दिवाळीला घरी आले तर तुम्ही आईला सांगायचात, "तिला इचार जेवली का," आणि मी हातभर अंतरावर बसलेली असायचे.

त्याच वर्षी मला तो केनियाचा मुलगा भेटला. तेव्हा पुण्यात शिकायला आफ्रिकेतून पुष्कळ मुलं यायची. हा कॉमर्सला होता आणि रविवारी सरांच्या चर्चमध्ये यायचा. एका मोठ्या तळ्याकाठचं त्याचं गाव. येताना कपड्यांपेक्षा जास्त जपून त्यानं आपलं वाद्य आणलं होतं. न्यातिती म्हणतात त्याला. खाली कातडं ताणलेला लाकडी वाडगा, वर आठ तारा. तो बुटक्या स्टुलावर बसायचा, घोट्याला घुंगरं बांधायचा, पायाच्या अंगठ्यात एक जाड लोखंडी कडं घालायचा आणि तारा छेडता छेडता ते कडं वाद्याच्या कडेवर आपटायचा. गाणं, तारा, कडं, घुंगरं, सगळं एकाच माणसाचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला केनिया नाही, गळ्यात ढोल अडकवलेले तुम्ही आठवलात. मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, चेलोवर याच्याबरोबर वाजवलं तर चालेल का? सर म्हणाले, "चालेल की नाही ते वाजवून बघ. मला काय विचारतेस?"

आम्ही सहा महिने वाजवत होतो आणि ते जमत नव्हतं. सूर जुळायचे, पण गाडी चालायची नाही. तो सभ्य होता, "छान, छान" म्हणायचा. मला कळायचं की छान नाही.

मग वहिनीचं पत्र आलं. उन्हाळ्यात पाहुणे बघायला येणार आहेत, मुलगा इंदापूरचा आहे, आबा या वेळी नाही म्हणाले नाहीत. त्या पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं की चैत्रात मामाच्या गावच्या जत्रेला आबांचा संघ जाणार आहे, तेव्हा तरी या. मामाचं गाव इंदापूरकडचं, बिरोबाचं देऊळ माळावर. मी काय विचार केला कोण जाणे. त्या मुलाला म्हणाले, चल माझ्याबरोबर, वाद्य घेऊन चल. आज माझ्या हाताखालच्या मुलीनं असं काही केलं तर मी तिला वेड्यात काढीन.

आम्ही रेल्वेनं भिगवणला उतरलो. चेलोचं खोकं डब्याच्या दारात उभं करून आणलं. जीपला वेळ होता म्हणून हायवेवरच्या एका खाणावळीत बसलो. समोर तळलेली चिलापी आली तर हा ताटाकडे बघत राहिला, मग मासा उलटा करून बघितला आणि माझ्यावर ओरडलाच, "हा आमचा मासा आहे! आमच्या तळ्यातला!" खाणावळवाल्या मावशी म्हणाल्या, "काय म्हनतोय त्यो?" मी सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "आमी बी धरनाच्या पान्यातनंच आनतो. त्याला सांग, दोन घरं झाली माशाची." त्यानं तीन चिलापी खाल्ल्या. त्या एका जेवणात त्याची भीती गेली. माझी वाढत चालली होती.

जत्रेत आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. देवळापुढं तुमचा एक फेर संपून सगळे सावलीला बसले होते. मामानं आधी मला बघितलं, मग त्याला. "ह्यो कोन आनलास?" तो उठलाच. "लगनाचं ठरतंय तुजं, आन तू हे असलं—" सगळं माळरान आमच्याकडे बघत होतं. तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "पाव्हना हाय. आधी पानी द्या त्याला." मामा तांब्या आणायला वळला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं, पण वर्षभरानंतर माझ्यासाठी उच्चारलेले ते तुमचे पहिले शब्द होते, असं मी धरून चालले.

पाणी झालं, गूळ-शेंगा झाल्या. मग तुम्ही त्याच्या वाद्याकडे बोट दाखवून विचारलंत, "वाजवतो का?" त्यानं घुंगरं बांधली, अंगठ्यात कडं घातलं, आणि बायकांमध्ये खसखस पिकली. "आगं बया, बाप्यानं जोडवं घातलंय!" तोही हसला, त्याला अर्थ कळला नव्हता तरी. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सरकून त्याच्या पायाजवळ येऊन बसलात आणि तो वाजवायला लागल्यापासून थांबेपर्यंत त्याच्या अंगठ्याकडेच बघत होतात. मग म्हणालात, "हे बेस हाय. ह्याच्या आज्ज्यानं बी मेंढरं राखली असत्याल." मी त्याला विचारून सांगितलं, "मेंढरं नाहीत आबा, गाई. आणि मासे." तुम्ही मान हलवलीत, जणू तेही चालण्यासारखं होतं.

आणि मग मान न उचलता, "तुजं खोकं कशाला आनलंयस? काड की."

चेलोच्या खालच्या टोकाला लोखंडी सळई असते, ती जमिनीवर टेकवतात. माळाच्या भुसभुशीत मातीत ती रुतत गेली आणि माझा चेलो हळूहळू बुटका होत गेला. लोक हसले. मी एक दगड खाली घेतला आणि सुरू केलं. नेहमीसारखंच झालं. त्याच्या तारांच्या मधल्या प्रत्येक फटीत मी गज ओढत होते, एक जागा सुटली तर कुणी म्हणेल हिला येत नाही. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी पाळण्यांकडे निघालं. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि त्यातही मी वाजवत होते.

तुम्ही उठलात. ढोल गळ्यात अडकवून माझ्या बाजूला येऊन उभे राहिलात आणि अगदी हलक्या हातानं, फक्त मला ऐकू येईल एवढं, वाजवायला लागलात. थोडं वाजवून थांबलात.

"तू त्याच्या मागं मागं पळतीयास," तुम्ही म्हणालात.

"मग काय करू?"

"मधली थाप सोड."

"कुठली मधली?"

तुम्ही माझ्या खांद्यावर बोटांनी वाजवून दाखवलंत. एक, मग काहीच नाही, मग एक. "हितं वाजवायचं न्हाय. हितं नाचनाऱ्याचा पाय पडतो. समदं तूच वाजवलंस तर त्यानं पाय कुठं टाकायचा?"

मी सोडली. पहिल्या दोन वेळा चुकले. तिसऱ्या वेळी ती जागा रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या जागेत त्या मुलाचं लोखंडी कडं वाजलं. ते सहा महिने तिथेच वाजत होतं, आणि मी ते माझ्या गजानं झाकत होते. त्यानं झटकन मान वर केली. त्याचे तीन ठोके, तुमचे दोन, आणि मी दोघांच्या मधून चाललेली. तुम्ही आता ढोल मोकळा सोडलात. सावलीतला एक म्हातारा धोतर सावरत उठला, रुमाल झटकला आणि पाय टाकला, मग दुसरा, मग सगळा संघ. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मामाही नाचला, हे मला त्याला पुढे अनेक वर्षं चिडवायला उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या स्वयंपाकघरात मी भाकरी थापत होते. तो मुलगा बाहेर मामाबरोबर गोठ्यात गाई बघत होता. तुम्ही चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसलात.

"त्याच्याशी लगीन करायचंय का?" तुम्ही सरळ विचारलंत. मामीच्या हातातलं भांडं पडायचं राहिलं.

"न्हाय आबा."

"इंदापूरच्याशी?"

"न्हाय."

"मग काय करायचंय?"

"वाजवायचंय."

तुम्ही चहा संपवलात. कप उपडा घालून ठेवलात. "बरं," तुम्ही म्हणालात. "आता इचारलंस न्हवं." पाहुण्यांना तुम्ही काय निरोप दिलात, भावकीत तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही तर नाहीच.

त्यानंतर महिन्याभरानं तुम्ही पुण्याला आलात, या वेळी हातात पिशवी होती. पिशवीत बाभळीचा एक ठोकळा, मध्ये खळगा कोरलेला, एका बाजूला भोक पाडून ढोलाची दोरी ओवलेली. "दोरी खुर्चीच्या पायाला आडकव," तुम्ही म्हणालात, "आन सळई ह्या खळग्यात ठेव. मातीत रुतनार न्हाय, फरशीवं सरकनार न्हाय." कारखान्यातल्या सुताराजवळ बसून तुम्ही तो स्वतः कोरला होता. सरांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि इंग्रजीत म्हणाले, "याच्यासाठी परदेशात दुकानं आहेत. पण एवढा चांगला मी पाहिला नाही." मी भाषांतर करायच्या आत तुम्ही समजलात. सरांनी तुम्हाला वाजवून दाखवलं, वाकड्या बोटांनी. तुम्ही टोपी काढून ऐकलंत. त्या खोलीत तुम्ही दोघं म्हातारे आणि मी, एवढंच होतं. तो दिवस माझ्या सगळ्या मैफलींपेक्षा मोठा आहे.

आज मी त्याच वाटेनं वाजवते. सरांनी शिकवलेलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, तळ्याकाठची ती गाणी आणि ती सोडलेली थाप. मी दोनदा त्या मुलाच्या गावी जाऊन आले. आता तो आजोबा झालाय. तिथल्या एका म्हाताऱ्या वादकाला मी तुमची थाप चेलोच्या पाठीवर वाजवून दाखवली तर त्यानं मला विचारलं, "हे आमचं तुला कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. तिथे सांगितलं. ते सांगायला मला फार सोपं गेलं, आणि त्याच रात्रीपासून हे पत्र डोक्यात आहे.

कारण पहिली कॅसेट निघाली, तेव्हाचं तुम्हाला सांगायचं राहिलंय. जत्रेनंतर दोन वर्षांनी. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही ती केली, तो मुलगा, मी आणि चर्चमधले दोघं. मी ती घेऊन पणदऱ्याला आले. दादानं टेप लावला. तुम्ही पडवीत भिंतीला टेकून दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्यात. संपल्यावर कॅसेटमधला घडीचा कागद काढून तुम्ही माझ्यापुढे धरलात. सही करण्यापुरतं तुम्हाला येत होतं, वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" तुम्ही विचारलंत. मी वाचायला लागले. गाण्यांची नावं, वाजवणाऱ्यांची नावं, मग "ज्यांच्यामुळे हे शक्य झालं" म्हणून सरांचं नाव. मग मी तुमचं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तुम्ही कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलात. कॅसेट दादाकडे राहिली, कागद तुमच्याकडे.

ज्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "वन्सं, एक सांगू का? मामंजींनी त्यो कागद मला बी वाचाया लावला हुता. शेवटचं नाव परत वाच म्हनले. मी बघतीय तर तितं त्यांचं नाव न्हाय. मी तसंच वाचलं. दोनदा वाचलं." मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "छापायचं राहिलं आसंल न्हाय?" मी म्हणाले, "व्हय, राहिलं."

पुढच्या प्रत्येक रेकॉर्डवर तुमचं नाव आहे, सगळ्यांच्या आधी. ती सगळी तुम्ही गेल्यावर निघाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तर मी ते टाकलं असतं असंही मला वाटत नाही. तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचणाऱ्यानं पुन्हा दया केली असती.

मजकूर मी माझ्या हातानं लिहिला होता, आबा. त्यात तुमचं नाव होतं. स्टुडिओतल्या माणसानं सहज विचारलं, "हे कोण? कुठल्या घराण्याचे?" समोर चारपाच शिकलेली माणसं बसली होती. मी म्हणाले, "कुणी नाही, गावाकडचे आहेत." आणि त्याच्याच पेनानं खोडलं.